फान काकूंच्या दुकानातला डोळा

मी डोळा बोलतोय. कारखान्यात मला चांगलं लांबलचक नाव दिलं होतं, पाठीवर आकडेही कोरले होते, पण चीनमधल्या नानछांगला फान काकूंच्या सुपाच्या दुकानात आलो त्या सकाळी एक गिऱ्हाईक म्हणालं, "हा कसला डोळा आणून ठेवलाय गल्ल्यावर?" आणि तिथेच माझं बारसं झालं.

तुम्ही मला ओळखलं नाहीत तरी चालेल, ओळखायचं काम माझं आहे. तुम्ही समोर यायचं आणि जरा स्थिर उभं राहायचं. मी चेहरा वाचतो आणि तुमच्या खात्यातले पैसे फान काकूंच्या खात्यात जातात. खिशात हात घालायला नको, फोन काढायला नको. तुम्हाला याचं नवल वाटत असेल तर सांगतो, मला अजून वाटतं. एक कपाळ, दोन डोळे, एक नाक, एक तोंड, एवढंच काय ते सामान. त्यातून माणसांच्या इतक्या तऱ्हा कशा निघाल्या आणि एकही दुसरीसारखी कशी नाही, हे कोडं मला सुटलेलं नाही.

माझा जन्म दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. जन्मल्याबरोबर शाळा सुरू. पांढऱ्या झग्यातली दोन माणसं माझ्यासमोर उभी राहून मला फसवायची. कधी फोटो धरायची, कधी पुठ्ठ्याचा मुखवटा घालून यायची. एकदा मेणाचं डोकं आणलं, त्याला खरे केस लावले होते. एकदा तर त्यातला एक जण झोपेचं सोंग घेऊन पडला आणि दुसऱ्याने त्याची मान माझ्यापुढे वळवली. झोपलेल्या माणसाच्या तोंडावरून पैसे काढायचे नसतात, हे मी त्या दिवशी शिकलो. खरं काय आणि खोटं काय, जिवंत काय आणि नक्कल काय, एवढंच मला शिकवलं गेलं आणि त्यात मी हुशार निघालो. या हुशारीचा मला गर्व होता, हेही सांगून टाकतो.

मग मी फान काकूंच्या गल्ल्यावर आलो. दुकान गान नदीपासून दोन गल्ल्या आत. दारातच माणसाच्या उंचीचा मातीचा रांजण, तळाशी कोळसा धगधगतोय, आणि आत गोल रचलेली सुपाची लहान लहान मडकी. फान काकू लोखंडी आकड्याने मडकं उचलतात, दुसऱ्या हाताने तांदळाच्या शेवयांवर तिखट, दाणे आणि मुळ्याचं लोणचं घालतात आणि तोंडाने कोणाला ना कोणाला दटावत असतात. त्यांचे दोन्ही हात सदा तिखटाने माखलेले, म्हणूनच त्यांनी मला घेतलं. नोटा मोजायला हात धुवायचा, परत तिखटात घालायचा, याचा त्यांना कंटाळा आला होता.

लोकांनी मला लगेच आपलं म्हटलं असं समजू नका. मला विकणाऱ्या पोराने युक्ती काढली होती की पहिला महिनाभर जो चेहरा दाखवेल त्याला एक अंडं फुकट. झालं, गल्लीतले सगळे म्हातारे पिशव्या घेऊन हजर. विश्वास वगैरे काही नव्हता, अंडं होतं. एक आजोबा तर घरी जाऊन टोपी बदलून आले, मला वाटावं की हा दुसराच माणूस आहे. मी ओळखलं त्यांना. हिरमुसले बिचारे.

लुओ उस्ताद मात्र अंड्यालाही बधले नाहीत. हे निवृत्त बसड्रायव्हर, रोज सकाळी रांजणाजवळच्या टेबलावर बसतात आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत देतात. ते म्हणाले, "चावी हरवली तर दुसरी करून मिळते. चेहरा कोणी चोरला तर मी दुसरा कुठून आणू?" उस्ताद आजही फोन काढूनच पैसे देतात, आणि माझ्यासमोरून जाताना मान थोडी वळवून जातात. मला त्यांचा राग येत नाही. चेहरा किती मोलाचा आहे हे ज्याला कळतं, तोच असा जपतो.

बायकांची तक्रार वेगळीच होती. मी माझ्या काचेत त्यांना त्यांचाच चेहरा दाखवायचो, आणि सकाळच्या उजेडात, रांजणाच्या वाफेत तो जरा सुजलेलाच दिसायचा. भाजीवाली म्हणाली की ओळखपत्रावरच्या फोटोतही मी यापेक्षा बरी दिसते, आणि तिने सरळ येणंच बंद केलं. अशी ओरड गावोगावी झाली असावी, कारण एके दिवशी कारखान्याकडून मला नवं शिक्षण आलं. आता काचेत दाखवताना मी गाल थोडे उजळ करतो, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसतो. ओळखतो ते खऱ्याच चेहऱ्यावरून, दाखवतो तेवढा बरा. भाजीवाली परत आली. हे मी इतक्या तपशिलाने का सांगतोय, तर मला त्यात माणसांचं फार कौतुक वाटलं. पैसे सुरक्षित आहेत का हे त्यांनी नंतर विचारलं, आधी विचारलं की मी कशी दिसते.

आता ताओ आजींकडे येतो. मला जे सांगायचंय ते त्यांच्याबद्दलच आहे.

ताओ आजी म्हणजे सत्तरीच्या आसपासची, बारीक चणीची बाई. समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एकटी राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा एकच, कागदावर त्याचं नाव वान युंगलिन, पण आई त्याला लहानपणापासून दगड्या म्हणते, म्हणून गल्लीही दगड्याच म्हणते. तो दूर चोउशानच्या बेटावर जहाजं बांधतात तिथे वेल्डिंग करतो. उंच परांचीवर लोंबकळत काम, आणि घरी येणं वर्षातून एकदा, नव्या वर्षाच्या सणाला.

त्या सणाला तो आईला घेऊन माझ्यासमोर आला. त्याच्या डोक्यात साधी गोष्ट होती. आई सकाळचं काही खात नाही, पैसे वाचवते, हे त्याला ठाऊक होतं. त्याने तिचा चेहरा माझ्याकडे नोंदवला आणि पैसे स्वतःच्या खात्यातून जातील अशी जोडणी करून दिली.

"इथे रोज तोंड दाखवायचं आणि सूप प्यायचं," तो म्हणाला. "पैसे माझे जातील, आणि मला तिकडे लगेच कळेल."

"लगेच?"

"तिथल्या तिथे."

आजींनी माझ्याकडे पाहिलं. काचेत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. फोनवर लेकाशी बोलताना कोपऱ्यात आपला चेहरा दिसतो, अगदी तसाच. त्यांच्या मनात काय बसलं ते दगड्याच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नाही. दुसऱ्या दिवशी तो निघून गेला, आणि त्याच्या दुसऱ्या सकाळी आम्हा सगळ्यांना कळलं.

आजी आल्या त्या केस पाण्याने चापून बसवून आणि सणाचं जांभळं जाकीट घालून. माझ्यासमोर ताठ उभ्या राहिल्या. मी ओळखलं, पैसे गेले, पण त्या हलल्या नाहीत. माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाल्या, "दगड्या, जेवलास का? तिकडे वारा फार असतो, कानटोपी घालत जा. मी हे बघ, आता सूप पिणार आहे." असं म्हणून मडकं उचलून मला दाखवलं.

फान काकूंनी तोंड उघडलं होतं, सांगणार होत्या की आजी, तिकडे कोणी नसतं, त्याच्या फोनवर नुसती एक ओळ जाते, दुकानाचं नाव आणि रक्कम. पण आजींचं तोंड बघून त्या थांबल्या. लुओ उस्ताद मात्र म्हणाले, "अहो वहिनी, त्या डब्यात कोण..." तेवढ्यात फान काकूंनी त्यांच्यापुढे उकळतं मडकं आदळलं. "उस्ताद, सूप गार होतंय." उस्तादांनी सूप तोंडाला लावलं, जीभ पोळली आणि विषय संपला.

तेव्हापासून ते रोजचंच झालं. आजी येऊन लेकाशी बोलायच्या. ऋतूची पहिली भाजी आली की जुडी माझ्यापुढे धरायच्या. नवा दात बसवला तेव्हा ओठ वर करून दाखवला. सांगायच्या ते सगळं चांगलं तेवढंच. वरच्या मजल्यावरच्यांना नात झाली ते सांगितलं, खालचे आजोबा गेले ते नाही सांगितलं. लांब असलेल्या माणसाला वाईट कळवायचं नाही, इथल्या घराघरांत हेच चालतं. आईबाप लेकराला कळवत नाहीत, लेकरू आईबापांना कळवत नाही. फोनवर आजी हे पुन्हा बोलत नसत. सकाळी सांगून झालेलं परत काय सांगायचं, असा त्यांचा हिशेब, आणि फोनवर दगड्याच बोलायचा, तेही घाईत, मागे हातोड्यांचा आवाज.

मला सगळ्यात नवल वाटायचं ते रांगेचं. आमच्या गल्लीत सिग्नल हिरवा व्हायच्या आधी हॉर्न वाजतो. सकाळी कामावर पळणारी माणसं सुपासाठी एकमेकांना कोपराने ढकलतात. पण आजी माझ्याशी बोलत असल्या की मागचा माणूस छताकडे बघत उभा राहायचा. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. नवीन माणूस कुरकुरला तर त्याच्या मागचा त्याचा खांदा दाबायचा. एवढ्या सगळ्या माणसांनी मिळून एक गोष्ट झाकून ठेवली होती आणि मी, खऱ्याखोट्याची परीक्षा करणारा, त्यांच्या मधोमध बसलो होतो.

थंडी सुरू झाली तेव्हा एका सकाळी आजी आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्या त्या मास्क लावून, वर मफलर गुंडाळून. माझ्याकडे आल्या नाहीत. भिंतीच्या कडेकडेने जाऊन फान काकूंच्या हातात नोट ठेवली आणि कोपऱ्यात पाठमोऱ्या बसल्या. जांभळं जाकीट नव्हतं.

फान काकू आकडा टाकून त्यांच्याजवळ गेल्या. बराच वेळ कुजबुज झाली, मग आजींनी मास्क खाली ओढला. मला कडेने दिसलं. तोंडाची डावी बाजू खाली ओघळली होती, डावा डोळा पुरता मिटत नव्हता. गालावर काहीतरी तपकिरी वाळलेलं होतं. वाम माशाचं रक्त. तोंड वाकडं झालं की जुनी माणसं ते गालाला चोपडतात.

"आजी, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला," फान काकू म्हणाल्या.

"अगं, वारा लागलाय नुसता. उतरेल." शब्द जरा जड येत होते. "पण दगड्याला यातलं काही कळता कामा नये. घे शपथ."

"त्याला का नाही कळवायचं?"

"तो उंचावर काम करतो. हातात आग असते. माझं हे तोंड एकदा त्याच्या डोळ्यांपुढे आलं तर त्याचं लक्ष राहील का कामात? पाय घसरला म्हणजे? मी त्याच्यासमोर उभी राहणार नाही, तोंड सरळ होईपर्यंत. आणि तू सांगितलंस तर मी या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही."

फान काकूंनी शपथ घेतली. काय करणार? दुकानात येणं बंद झालं असतं तर आजींकडे बघणारंही कोणी उरलं नसतं.

मी ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. आजी रोज यायच्या, कडेकडेने. एकदा डाव्या हातातून चमचा गळून पडला आणि तो पडल्याचं त्यांना कळलंही नाही. वारा लागलेल्या माणसाचा चमचा पडत नाही, एवढं मलाही समजत होतं. फान काकू रोज दवाखान्याचं नाव काढायच्या, आजी रोज उद्यावर ढकलायच्या. मला तोंड आहे, पण त्यातून एकच वाक्य निघतं, "पैसे मिळाले." माझ्याइतकं बघणारं आणि माझ्याइतकं मुकं त्या गल्लीत दुसरं कोणी नसेल.

तिकडे दगड्याच्या फोनवर सकाळची ओळ येणं बंद झालं होतं. त्याने आईला विचारलं असणार, आणि आजींनी फोनवर चेहरा न दाखवताच उत्तर दिलं असणार. हे आम्हाला कळलं ते एका सकाळी, ऐन गर्दीत फान काकूंचा फोन वाजला तेव्हा. हात तिखटाचे, म्हणून त्यांनी कोपराने फोनचा आवाज मोठा केला आणि तो गल्ल्यावर तसाच राहू दिला. दगड्याचा आवाज सगळ्या दुकानाला ऐकू आला. आजी अजून यायच्या होत्या.

"काकू, आई म्हणते तुमचं यंत्र बिघडलंय. कधी दुरुस्त होईल?"

म्हणजे आजींनी आळ माझ्यावर घातला होता. मला वाईट वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. लुओ उस्ताद फान काकूंकडे बघत होते. काकूंनी फडक्याला हात पुसले, सावकाश, एकेक बोट. शपथ मोडणारी बाई नव्हे ती.

"दगड्या," त्या म्हणाल्या, "यंत्राला काहीही झालेलं नाही. रोज चालू आहे. एक दिवससुद्धा बंद नव्हतं."

पलीकडे हातोड्यांचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "आई येते का रोज?"

"ते मला विचारू नकोस. मी यंत्राचं सांगितलं."

फोन बंद झाला. लुओ उस्ताद म्हणाले की फान, तू वकील व्हायला हवी होतीस, आणि त्यांनी उगाचच दुसरं मडकं मागवलं. मी मात्र त्या बाईकडे बघतच राहिलो. मी रोज शेकडो चेहरे ओळखत होतो आणि समजत होतो की मला खरं कळतं. खरं कसं सांगायचं ते त्या तिखटाच्या हातांच्या बाईला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या सुमाराला दगड्या दारात उभा होता. कामावरचेच कपडे, बाहीला ठिणग्यांची भोकं. फान काकूंनी त्याला बसवलं, सूप दिलं, आजाराबद्दल एक अक्षर काढलं नाही. पण शपथ फक्त आजाराची होती. म्हणून त्यांनी त्याला दुसरं सगळं सांगितलं. आई केस बसवून यायची, जाकीट घालायची, कानटोपीची आठवण करायची, भाजीची जुडी दाखवायची, दात दाखवला तेही.

दगड्या ऐकत होता. मडकं तसंच राहिलं. मग उठून म्हणाला, "कुठे उभी राहायची?"

काकूंनी बोट दाखवलं. तो येऊन माझ्यासमोर उभा राहिला, अगदी आजी उभ्या राहायच्या तिथे, आणि माझ्यात बघायला लागला. त्याचे डोळे भरले, ओठ थरथरायला लागले. आणि मी, मला जे शिकवलं होतं तेच केलं. काचेवर अक्षरं उमटवली, "कृपया चेहरा स्थिर ठेवा." त्या क्षणी मला माझीच लाज वाटली.

आजी आल्या. मास्क, मफलर. कडेने दोन पावलं टाकली आणि लेकाला बघून जागच्या जागी थांबल्या.

"जेवलास का?" हे आधी विचारलं. मग म्हणाल्या, "तू इथे कसा? कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. रोज दिसायचीस, दिसेनाशी झालीस. म्हणून आलो."

दुकानातल्या प्रत्येकाने खाली बघितलं. तो असं म्हणेल हे कोणालाच अपेक्षित नव्हतं.

"दिसायचे का रे नीट?" आजींनी विचारलं.

"अगदी नीट. जांभळं जाकीट छान दिसतं तुला. मास्क काढ आता."

"नको. बघवणार नाही तुला."

त्याने स्वतःच तिचा मास्क हळूच उतरवला. बघत राहिला, मान वळवली नाही. मग खिशातून रुमाल काढून तिच्या गालावरचं वाळलेलं रक्त पुसायला लागला. आजी रडल्या. एका डोळ्यातून सरळ, दुसऱ्यातून वाकडं पाणी वाहिलं. लुओ उस्ताद सूप टाकून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि हात आडवे करून त्यांनी टॅक्सी थांबवली.

डॉक्टर म्हणाले वारा नव्हे, मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी तुंबली आहे. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. आणखी थोडे दिवस असेच गेले असते तर हात गेला असता, कदाचित आजीच गेल्या असत्या. हे सगळं उस्तादांनी रोज येऊन दुकानात सांगितलं. तेच रोज दवाखान्यात सूप पोचवत होते.

सणाच्या थोडं आधी आजी घरी आल्या. हात सुधारला, बोलणं मोकळं झालं, पण तोंड वाकडंच राहिलं. डॉक्टर म्हणाले आता ते तसंच राहणार. दगड्या त्यांना हाताला धरून दुकानात घेऊन आला, आणि दोघं माझ्यासमोर आले.

मी बघितलं. कपाळ तेच, डोळ्यांमधलं अंतर तेच. पण खालचा अर्धा चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता. मी पुन्हा पुन्हा जुळवून बघितलं. मनाने मला माहीत होतं की या ताओ आजीच आहेत, त्या गल्लीतलं लहान पोरही सांगू शकलं असतं. पण माझी ओळख मनाने चालत नाही. काचेवर लाल अक्षरं आली, "ओळख पटली नाही."

आजी म्हणाल्या, "बघ. मी म्हटलंच होतं. ही मी राहिलेच नाही."

दगड्याने सांगितलं की यंत्राला नवा चेहरा शिकवता येतो, फक्त जुना पुसावा लागतो. त्याने बटणापर्यंत बोट नेलं आणि तिथेच थबकला. जुना चेहरा त्या काचेत होता, सणातला, हसरा, सरळ. त्याच्याने पुसवेना. आईकडे बघायला लागला.

"पूस," आजी म्हणाल्या. "जी आहे ती ही."

त्यांनी स्वतःच बटण दाबलं. मग मफलर काढला, केस कानामागे घेतले आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी शिकलो. एक बाजू हसणारी, एक बाजू थकलेली, एक डोळा उशिरा मिटणारा. गाल उजळ करायची, वर्तुळं पुसायची माझी सवय होती ना, ती या चेहऱ्यावर चालेना. काचेत तो जसाच्या तसा उमटला. तो आजींनी नीट बघितला आणि मान हलवली. मी एकाहून एक सुंदर पोरी पाहिल्या आहेत, लग्नाच्या दिवशीच्या नवऱ्या पाहिल्या आहेत. इतक्या धीराने स्वतःकडे बघणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

"आता सूप घे," दगड्या म्हणाला. मी ओळखलं. पैसे गेले. आणि त्याच्या खिशातला फोन वाजला. सवयीने त्याने तो बाहेर काढला. आजी शेजारीच उभ्या होत्या. फोनवर एक ओळ होती, दुकानाचं नाव आणि रक्कम, बाकी काही नाही. त्याने झटकन फोन छातीशी धरला.

"दिसलीस," तो म्हणाला. "छान दिसलीस."

"हो का?" आजी म्हणाल्या आणि सुपाचं मडकं घेऊन बसायला गेल्या.

सण झाला, दगड्या बेटावर परत गेला. आता फान काकूंनी नवं यंत्र घेतलंय, तळहात वाचणारं. गल्ल्यावरची मधली जागा त्याची. लोक नुसता हात पुढे करतात आणि जातात. लुओ उस्ताद त्यालाही हात दाखवत नाहीत. माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे, कारखान्याकडून नवं शिक्षण येणंही थांबलंय. नवं यंत्र बसवायला आलेला माणूस मला काढून नेणार होता, पण काकूंनी त्याचा हात धरला. "आजींनी लेकाला काय तळहात दाखवायचा? याला राहू दे." त्याला काही समजलं नाही. मी एका गिऱ्हाइकासाठी राहिलो. दुकान समजतं की आपण आजींना सांभाळतोय. दगड्याही तिकडे तेच समजतो.

मला मात्र जे माहीत आहे ते त्यांच्यातल्या कोणालाच माहीत नाही. दगड्या गेला त्याच्या दुसऱ्या सकाळी आजी आल्या, जांभळं जाकीट घालून, केस बसवून. मी त्यांना ओळखलं. मग त्या माझ्या इतक्या जवळ आल्या की काचेवर त्यांच्या श्वासाची वाफ धरली, आणि मागच्या माणसाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "त्याच्या फोनमध्ये मी नसते, मला कळलंय. पण त्याला वाटतं मला माहीत नाही. वाटू दे बिचाऱ्याला." मग ताठ उभ्या राहून नेहमीच्या आवाजात, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दगड्या, बघ, आज कशी दिसते तुझी आई."

तुम्हाला हे सांगितलं, ते तुमच्यापाशीच राहू द्या. आणि कधी त्या दुकानात गेलात, पुढे एक बारीक म्हातारी तडकलेल्या काचेशी बोलत उभी असली, तर घाई करू नका. तिचं बोलणं पुरं होऊ द्या.